काटा टोचेल म्हणून घरी ठेवलेली मुलं

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहलीची यादी होते तेव्हा दोन-तीन नावं तिच्यात चढतच नाहीत. ती कुणी मुद्दाम खोडलेली नसतात. गुरुजी म्हणतात, ‘त्याला कशाला उगाच त्रास?’ आई म्हणते, ‘नको गुरुजी, तुम्हाला जड जाईल, राहू द्या घरी.’ दोघंही मायेनं बोलतात. कागदोपत्री ‘विशेष गरजा असणारं बालक’ अशी नोंद असलेलं ते मूल मग नळदुर्गचा किल्ला तर सोडाच, शाळेमागच्या ओढ्यावरही जात नाही. या मायेशी भांडणं अवघड आहे. तरी भांडायला हवं, कारण तिच्या मुळाशी एक समज घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. तो मांडणारी माणसं निष्ठुर नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी या मुलांसाठी आयुष्य वेचलं आहे. त्यांचं म्हणणं असं : बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अंधत्व असलेल्या मुलाला ठरावीक, ओळखीची, बंदिस्त जागा लागते. त्याला आधी वर्गात बसता येऊ दे, शी-शू सांगता येऊ दे, चार शब्द बोलता येऊ देत. रानातलं शिक्षण ही पुढची चैन आहे. रानात साप आहेत, काटे आहेत, ऊन आहे. काही झालं तर जबाबदार कोण? शिवाय धाराशिव जिल्ह्यात वन आहेच कुठं? आणि शेवटचा मुद्दा, जो सगळ्यांत जोरात सांगितला जातो : शहरातल्या पोराला झाड दाखवायला न्यावं लागतं, खेड्यातल्या पोराच्या तर दारातच रान आहे.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो.

दारात रान आहे, हे खरं. पण दार ओलांडतं कोण? कळंब, वाशी, भूमच्या बाजूला सोयाबीनची काढणी लागली की घरातलं चालतं-फिरतं माणूस सकाळीच शेतात जातं. पायानं धड असलेलं पोरगं मागं मागं जातं, बांधावरची बोरं खातं, विहिरीत डोकावतं, शिव्या खातं आणि शिकतं. ज्याला चालता येत नाही ते ओसरीवर आजीजवळ राहतं. ज्याला धोका कळत नाही, जे नजर चुकवून रस्त्याला लागतं, त्याला काही घरांत बाजेला ओढणीनं बांधून ठेवतात. तो दुष्टावा नाही, नाइलाज आहे. रोजंदारी बुडवून त्याच्यावर लक्ष ठेवणं त्या घराला परवडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दसरा-दिवाळीनंतर आई-बापच पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात, आणि असं मूल पुष्कळदा गावात म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे उरतं. त्याच्या वाट्याला आलेलं जग म्हणजे ओसरी, अंगण आणि समोरची भिंत. गावातली बाकीची मुलं रानात वाढतात म्हणून हेही वाढलं असेल, हे आपण गृहीत धरतो. बघायला कुणी जात नाही.

कर्णबधिर मुलाचं थोडं वेगळं आहे. ते शेळ्यांमागं जातं. दिवसभर माळावर असतं. कुठलं झाड शेळी खाते आणि कुठल्याला तोंड लावत नाही, हे त्याला वर्गातल्या हुशार पोरापेक्षा चांगलं माहीत असतं. पण त्या झाडाचं नाव त्याच्याकडे नाही. खुणेची भाषा घरात कुणाला येत नाही आणि बोललेलं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाहिलेल्या हजार गोष्टी त्याच्या मनात बिननावाच्या पडून राहतात. त्याला रान दाखवायची गरज नाही, हे मान्य; पण ज्याला खुणा येतात असा शिक्षक त्याच्याबरोबर त्याच माळावर उभा राहिला, तर एका सकाळी जेवढी भाषा त्याच्या हाती लागेल तेवढी तक्त्यावरच्या चित्रांवरून महिनाभरात लागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. तक्त्यावरची शेळी त्याला परकी आहे. माळावरची त्याची स्वतःची आहे.

मुलं जिथं आहेत तिथं शाळेनं जावं, हे महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही; गुरं चरतात त्या कुरणावरच शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. आपल्याकडे बालशिक्षणाच्या प्रत्येक भाषणात हा दाखला येतो. त्यातला अर्धाच भाग आपण घेतला, असं मी म्हणेन. कुरणशाळेनं कुरणावर आधीच असलेली मुलं गाठली. गुराख्यांच्या मागं घरी राहिलेलं, पाय न चालणारं भावंड तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच्यासाठी शाळेनं उलटा प्रवास करायला हवा : घरी जायचं, त्याला उचलायचं आणि कुरणावर न्यायचं.

आता ‘वन कुठं आहे?’ हा प्रश्न. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर आणि त्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी. येडशीजवळचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, ते बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या कडेनं काही झुडपी पट्टे आहेत. बाकी गायरानं, ओढ्याकाठच्या बाभळी आणि देवळामागची जुनी झाडं. हे आकडे मी लपवत नाही. ते पुढं करून ‘मग जमणार नाही’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला मान्य नाही.

युरोपातल्या वनशाळांची छायाचित्रं पाहून आपली अशी समजूत झाली आहे की त्यासाठी उंच, दाट, हिरवंगार जंगल लागतं. या मुलांसाठी दाट जंगल उलट गैरसोयीचं. वीस पावलांवर मूल दिसेनासं झालं तर शिक्षकाच्या जिवाचं पाणी होतं. आपलं विरळ, बुटकं, आरपार दिसणारं रान इथं फायद्याचं आहे. एखाद्या गायरानाच्या कडेला उभं राहिलं की बारा मुलं बारा ठिकाणी असली तरी नजरेत राहतात. स्वमग्न मुलाला गर्दीतून बाजूला व्हायला जागा मिळते आणि तरीही ते एकटं पडत नाही. वर्गात त्याला कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसावं लागतं. इथं ते शंभर पावलं दूर जाऊन पाठमोरं बसू शकतं, आणि त्याला कुणी रागवायचं कारण नसतं.

आणि या रानात शिकवायला काय आहे, तेही पाहू. बाभळीची शेंग घ्या. बाकीच्या शेंगांसारखी ती सपाट, सलग नसते. प्रत्येक बीमागं ती आवळलेली असते. मणी ओवावेत तसा एकेक फुगवटा आणि मधे बारीक कंबर. माघ-फाल्गुनात ती वाळू लागते, वरून करड्या लवीची. अंध मुलाच्या हातात द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ते शेंग पुढं सरकवत नेईल आणि प्रत्येक फुगवट्यावर थांबेल. एक, दोन, तीन. मोजून झालं की शेंग फोडून बिया खरोखर तेवढ्याच आहेत का हे पडताळेल. पडताळा आपल्या बोटांनी घेता येतो, हे त्याला तिथं कळतं. ब्रेल शिकण्यासाठी बोटांची जी तयारी लागते तिची ही चांगली पूर्वतालीम आहे. मोजणीच्या मण्यांची पाटी विकत मिळते आणि ती शाळेत असावीच. पण ती मुलाला एवढंच सांगते की मोजायच्या वस्तू शाळेच्या कपाटात असतात.

पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण हताशपणे वापरतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ‘तीन’ ही संख्या शिकवायला याहून सोपं साधन मला सुचत नाही. एका देठावर तीन, दुसऱ्या देठावर तीन, दुसऱ्या झाडावरही तीन. संख्या वस्तूला चिकटलेली नसते, ती वस्तू बदलली तरी तीच राहते, ही गणितातली मोठीच कल्पना आहे, आणि तिच्यापाशी या मुलांची गाडी फार वेळ अडते. हिवाळ्यात शिरीषाच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. कडुनिंबाची सळसळ निराळी, पिंपळाची निराळी. डोळे नसलेल्या मुलाला ही झाडं कानानं वेगळी करता येतात, आणि तेवढ्यापुरतं ते डोळस सोबत्यांच्या पुढं असतं. ते त्यांना सांगतं, ते ऐकतात. वर्गात असा प्रसंग क्वचित येतो.

ज्यांना तरीही वाटतं की ओसाड जागेत काही होणार नाही, त्यांनी आनंदवन आठवावं. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, पडीक जमिनीवर बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन ते उभं केलं. आजची तिथली झाडी झडलेल्या बोटांच्या हातांनी लावली आहे. पुढं तिथंच अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या. जंगल आधी आणि मुलं मग, असा काही नियम नाही.

जोखमीचा मुद्दा मात्र मी हलका करणार नाही, कारण तो हलका नाही. घोणस, मण्यार, नाग, फुरसं हे विषारी साप आपल्या भागात आहेत. बाभळीचे पांढरे जोडकाटे साध्या चपलेचा तळ भेदून आत जातात. ज्यांना झटके येतात अशा मुलांना ऊन आणि उपास, दोन्ही बाधतात. सापापेक्षाही मला आग्या मोहोळाची धास्ती जास्त वाटते. साप बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागताच निघून जातो, माश्या उठल्या तर पळता न येणाऱ्या मुलाला कोण वाचवणार? रामलिंगाच्या बाजूला वानरांचा त्रास आहे, हातातला डबा ओढून नेतात. घाबरलेलं मूल धावत सुटतं.

हे सगळं खरं असूनही यातून निघतो तो तयारीचा मुद्दा, न जाण्याचा नव्हे. आदल्या दिवशी शिक्षकानं जागा पायाखाली घालायची. मोहोळ असेल तर जागा बदलायची. शाळा सकाळी, ऊन चढायच्या आत परत. कोजागिरीपासून शिमग्यापर्यंतच जायचं, त्यापुढं मराठवाड्याचं ऊन या कामाचं नाही. बंद बूट. झटक्यांची औषधं मुलाच्या दप्तरात न ठेवता शिक्षकाच्या खिशात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवून सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे विचारून घ्यायचं. चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं मुरमात रुततात आणि मूल तोंडावर पडतं. खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढली की तीच खुर्ची पांदीतून निघते. अंध मुलांसाठी झाडाझाडाला काथ्याची दोरी बांधायची, कमरेएवढ्या उंचीवर, आणि वळणाच्या जागी गाठ मारायची. एक गाठ म्हणजे थांब, दोन गाठी म्हणजे पुढं उतार. त्या दोरीला धरून मूल एकटं जातं, कुणाचा हात न धरता.

एकटं जाणं, ही यातली मोठी गोष्ट आहे. रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकानं १९७२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांविषयी लिहिताना जोखमीला प्रतिष्ठा असते, अशी मांडणी केली. माणसाच्या वाट्याची सगळी जोखीम आपण काढून घेतली तर त्याच्या माणूसपणातलंच काहीतरी काढून घेतो, हा त्याचा आशय. आपल्या घरांत हे धडधाकट मुलांबाबत सगळ्यांना कळतं. पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जाणार, सायकल शिकताना गुडघा फुटणार, हे गृहीतच असतं. दिव्यांग मुलाच्या गुडघ्यावर मात्र ओरखडाही चालत नाही. आणि ओसरीवर काय जोखीम नाही? वर्षानुवर्षं एका जागी बसून स्नायू आखडतात, पाठ वाकते, अंथरुणाच्या जखमा होतात, शब्द येईनासे होतात. ही इजा हळूहळू होते आणि तिचा पंचनामा होत नाही, म्हणून ती कुणाच्या अंगावर येत नाही. एवढाच फरक आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढं गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेनं या मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीचीही संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. जास्त आधार लागणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या सोबत्याच्याही वाहतुकीची सोय करायची आहे. कलम २९ मध्ये तर खुल्यावरची शिबिरं आणि साहसी उपक्रम यांचा उल्लेख आहे. म्हणजे ज्याला आपण चैन म्हणतो तिला संसदेनं हक्काच्या यादीत बसवलं आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय आला. ती सोय गरजेचीच होती. पण पर्याय मुलासाठी होता; व्यवहारात तो पुष्कळ ठिकाणी शाळेसाठी झाला. मूल घरी आहे, शिक्षक घरी जातो, नोंद होते, प्रश्न मिटला. निदान त्या भेटीचा तास बांधावरच्या लिंबाखाली घ्यायला काय हरकत आहे?

इथवर प्रतिपक्षाशी बोललो. आता ज्यांना रान हवं आहे त्यांच्याशीही थोडं भांडायचं आहे, कारण माझ्या मते या विषयाचं जास्त नुकसान आमच्याच बाजूच्या एका युक्तिवादानं होतं. तो असा की निसर्ग बरं करतो. झाडांमध्ये नेलं की स्वमग्न मूल बोलू लागतं, चंचल मूल शांत होतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या फेबर टेलर आणि कुओ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अवधान कमी असलेली मुलं उद्यानातल्या वीस मिनिटांच्या चालण्यानंतर एकाग्रतेच्या चाचणीत शहरी रस्त्यावरच्या चालण्याच्या मानानं बरी ठरली, हे खरं आहे. पण त्या अभ्यासात मुलं होती सतरा. उद्यान तिकडचं होतं, मुलंही तिकडची. त्यावर बालाघाटाच्या माळाचा दावा उभा करू नये. या मुलांना लागणारी फिजिओथेरपी, वाचा उपचार, औषधं यांची जागा रान घेऊ शकत नाही, आणि घेऊ शकतं असं आई-बापांना सांगणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे. आधीच अंगारे-धुपारे करून थकलेल्या घरात आणखी एक अंगारा नको.

शिवाय या युक्तिवादाचं काय होतं, हे इतिहासात एकदा दिसलं आहे. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला पाइनच्या झाडीत एक शाळा निघाली. ती अशक्त, क्षयाच्या सावटाखालच्या मुलांसाठी होती. म्हणजे वनशाळेच्या आधुनिक इतिहासाचा आरंभच सर्वसाधारण शाळेत न टिकणाऱ्या मुलांपासून होतो. ती सुदृढांची चैन मुळात नव्हतीच. पुढं अशा मोकळ्या हवेतल्या शाळा युरोपभर आणि अमेरिकेतही पसरल्या. पण त्यांची सगळी बाजू वैद्यकानं धरून ठेवली होती. घरं सुधारली, विसाव्या शतकाच्या मध्यावर क्षयावर प्रतिजैविकं आली आणि या शाळा एकेक करून बंद पडल्या किंवा रूप बदलून गेल्या. रोगावर उपाय म्हणून रान मागितलं की दुसरा उपाय सापडल्या दिवशी रान हातचं जातं. मागायचं असेल तर शिकायची जागा म्हणून मागावं. गावातली बाकीची मुलं जिथं शिकतात तिथं यालाही शिकायचं आहे. ते शांत झालं नाही, बोललं नाही, चाचणीत पुढं गेलं नाही, तरीही त्याचा त्या जागेवरचा हक्क कमी होत नाही.

राहता राहिला ‘माणसं आणि पैसे कुठून?’ हा प्रश्न, आणि तो विचारणारा शिक्षक खोटं बोलत नाही. एकेका विशेष शिक्षकाकडे कितीतरी शाळा आणि घरं असतात. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक मुलं घेऊन बाहेर गेला तर दुसऱ्यानं चार वर्ग सांभाळायचे. म्हणून मी ‘प्रत्येक शाळेनं’ असं म्हणतच नाही. केंद्रशाळेच्या पातळीवर, पंधरवड्यातून एका शनिवारी, आसपासच्या शाळांमधली अशी मुलं आणि त्यांच्याबरोबर तितकीच बाकीची मुलं एका गायरानावर जमली, तर काम होण्यासारखं आहे. राज्यात ‘आनंददायी शनिवार’ सुरू झालेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषयच आहे आणि त्यात क्षेत्रभेट अपेक्षित आहे. वेळापत्रकात जागा आहे. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी लागेल, गायरानासाठी ग्रामपंचायतीला सांगितलं तरी पुरतं.

बाकीची मुलं मी जाणूनबुजून घातली आहेत. ‘त्यांचं नुकसान होईल’ अशी तक्रार येते. खुर्ची पांदीतून कशी ओढायची, दोरी कुठल्या उंचीवर बांधायची, खुणांनी ‘बोर’ कसं म्हणायचं, हे ज्या दहा वर्षांच्या मुलाला येतं त्याचं नुकसान कशात झालं, हे तक्रार करणाऱ्यानं सांगावं. उद्या हीच मुलं ग्रामपंचायतीत बसणार आहेत आणि शाळेला उताराची फरशी करायची की नाही, हे ठरवणार आहेत.

आणि आईला विचारायचं, ते सहलीच्या यादीच्या दिवशी नव्हे. तोवर तिचं ‘नको’ ठरलेलं असतं, आणि ते आपणच वर्षानुवर्षं तिच्या तोंडी घातलेलं असतं. मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा जूनमध्ये तिच्यासमोर बसून भरतात. त्यात भाषा, गणित, स्वावलंबन यांच्या रकान्याशेजारी रानातल्या शनिवारांचा रकाना असावा. त्याला बूट आहेत का, झटका शेवटचा कधी आला, उन्हाचं काय होतं, कशाची भीती वाटते, काय हातात दिलं की खूश होतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पहिल्या शनिवारी तिनंच बरोबर यावं, आणि त्या दिवसाची तिची रोजंदारी बुडणार असेल तर ती भरून द्यायची तजवीज शाळा व्यवस्थापन समितीनं आधी करावी.